तिसऱ्या पहाटेची पेज

बेपत्ता इसम महादू शिवराम धुरी, वय ८१, राहणार मौजे आंबेरखोल, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, यांच्या चौकशीच्या कामी पोलीस दूरक्षेत्रात नोंदवलेला जबाब.

नाव विनीता हरिश्चंद्र तोंडवळकर, वय ५४ वर्षे, धंदा घरगुती खानावळ, राहणार आंबेरखोल, खालची वाडी, धुरींच्या घराला लागून.

मी समक्ष हजर राहून, कोणी बोलावणे न धाडता, आपण होऊन सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे यजमान वारले आहेत. पर्यटकांना जेवण देऊन माझे पोट चालते. बेपत्ता म्हणून नोंद झालेले महादू धुरी यांना सगळा गाव तात्या म्हणतो. त्यांची धाकटी सून रसिका हिला आज सकाळी चौकशीसाठी इथे आणले आहे. आता दिवेलागण झाली तरी ती आतल्या खोलीत बाकावर बसून आहे. तिने सासऱ्यांचे बरेवाईट केले असा संशय गावात बोलला जातो. तो खोटा आहे, हे सांगण्यासाठी मी आले आहे. तात्या आज दुपारी जिवंत मिळून आले हे साहेबांना माहीत आहेच, पण ते कसे मिळाले आणि रसिकाचा त्यात काय भाग, हे कागदावर आल्याशिवाय तिला सोडता येत नाही असे मला सांगण्यात आले. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

साहेब नवीन बदलून आलेले आहेत, आणि पळण म्हणजे काय ते नीट सांगा असे त्यांनी विचारल्यावरून सांगते की, आमच्या गावात दर काही वर्षांनी, देवाने कौल दिला की गावपळण होते. सगळा गाव, माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, वेशीबाहेर जातो. तीन रात्री गावात कोणी राहायचे नाही, चूल पेटवायची नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. घरांना कुलपे घालत नाहीत. वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपी घालून राहायचे आणि चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला की परतायचे. याबद्दल माझी काही तक्रार नाही. लग्न होऊन आल्यापासून मी दर वेळी गेलेली आहे, आणि खरे सांगायचे तर खोपीतल्या कालवणाला जी चव येते ती माझ्या खानावळीत येत नाही.

या वेळची पळण अमावास्येला निघाली. इथेच घोळ झाला. तात्यांचे दोन मुलगे, आमच्या बोलीत झील, थोरला मंगेश आणि धाकटा सर्वेश. एकाच घरात मधे भिंत घालून दोघे राहतात, दोन चुली आहेत, आणि दोघांत बोलणे नाही. बापाची जेवणाची पाळी लावलेली आहे. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. अमावास्येचे रात्रीचे जेवण होऊन पाळी संपते आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पेजेपासून दुसऱ्याची लागते. इतकी वर्षे यात चूक झाली नव्हती. मी भिंतीपलीकडून पाहत आले आहे, आणि पाहताना अनेकदा राग आला आहे, पण दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये म्हणून गप्प बसले.

अमावास्येला दुपारी देवळात ढोल वाजला आणि वाडी निघाली. मंगेशची बायको आनंदी हिने गृहीत धरले की तीन रात्रींतली बहुतेक पाळी धाकट्याची, तर म्हातारा त्यांच्याच टेम्पोतून जाईल. सर्वेशने गृहीत धरले की आज अजून थोरल्याची पाळी आहे, तो नेईल आणि उद्या सकाळी आपल्या खोपीत आणून सोडेल. थोरल्याची खोप मानकऱ्यांच्या रांगेत वरच्या आंब्याखाली होती, धाकट्याची खाली खाडीकाठी. तात्या गाठोडे बांधून, काठी घेऊन ओटीवर बसलेले मी निघताना पाहिले होते. मी त्यांना म्हटले, “तात्यानु, येवा, माझ्या गाडीत जागा आसा.” ते म्हणाले, “तू हो फुडे. माका न्हेतले.” मी निघून आले. त्यावर मी आणखी काही बोलत नाही.

तीन रात्री मी वाडीतल्या बायकांबरोबर खाडीवरच्या साकवाजवळ, म्हणजे लहान पुलाजवळ, खोपीत होते. तात्या कुठल्या खोपीत आहेत हे मी विचारले नाही. कोणीच विचारले नाही.

काल चौथ्या दिवशी कौल घेतला. देवाला लावलेली पाकळी पडायला बराच वेळ लागला, तेव्हाच माणसे कुजबुजू लागली होती की पळण कोणीतरी मोडली. दुपारनंतर घरी परतलो. मी माझ्या स्वयंपाकघरात शिरले तर माझी चूल मी ठेवली होती तशी नव्हती. जाण्यापूर्वी मी ती राख काढून सारवली होती. आता ती पुन्हा सारवलेली होती, आणि बोटांचे फराटे उलट्या अंगाने होते. माझ्या चुलीला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नाही. मी चांगलीच तडकले. चूल ज्याने पेटवली त्याचे नाव शोधून काढण्यासाठी मी बाहेर आले, तेवढ्यात शेजारी आरडाओरडा सुरू झाला की तात्या नाहीत.

त्यानंतरचे साहेबांना ठाऊक आहे. मंगेश सर्वेशला म्हणाला, “बापूस तुज्याकडे नाय?” आणि सर्वेश म्हणाला, “तुज्याकडे नाय?” सहा वर्षांत त्यांचे हे पहिले बोलणे. विहिरी पाहिल्या, काजूची बाग पाहिली, जेट्टीपर्यंत माणसे गेली. तात्यांची काठी आणि गाठोडे घरात नव्हते. रात्री तक्रार नोंदवली. आज सकाळी आनंदीने सांगितले की काल पहाटे रसिका कमरेपर्यंत भिजलेली खाडीतून वर येताना तिने स्वतः पाहिली. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला पहाटे आणि तिन्हीसांजेला खाडी उतरून जाता येते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. रसिकाला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “माका माहीत नाय.” तिला जीपमध्ये बसवले. तेव्हा सर्वेश अंगणात उभा होता. तो पुढे झाला नाही.

रसिका माहेरची वैभववाडीची आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला खाडीची भीती वाटायची, साकवावरून जाताना माझा हात धरायची. ती एकटी अंधुक उजेडात पाण्यात उतरली हे ऐकून मी धुरींच्या अंगणातून घराकडे निघाले. माणूस मारायला कोणी एवढे धाडस करते की वाचवायला, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. त्याचे उत्तर माझ्या स्वयंपाकघरात असणार हे मला घरी परतताना सुचले, आणि कालपासून मी नुसतीच चडफडत होते याची लाज वाटली.

मी दार लोटून घेतले आणि एकेक वस्तू पाहिली. उकड्या तांदळाचा डबा खाली गेला होता. रवीच्या बुडाला पेज सुकून चिकटली होती. रवीने पेज घोटतात ती दात नसलेल्यासाठी. एका करवंटीत सुक्या बांगड्याचे काटे होते, बारीकातला बारीक काटासुद्धा वेचून काढलेला. पाटा धुतलेला होता आणि वरवंटा भिंतीला उभा टेकवलेला होता. माझ्या ओळखीत वरवंटा असा उभा ठेवणारी एकच बाई आहे. रसिका माझ्या हाताखाली वर्षभर मसाल्याचे वाटप वाटायला येत होती तेव्हा मी तिला यावरून दहादा बोलले आहे.

ती माझ्याच चुलीकडे का आली हेही मला समजले. पाळी थोरल्याची म्हणून तात्यांची खाट थोरल्याच्या पडवीत होती. थोरल्याच्या स्वयंपाकघरात तिला वाटणीपासून मज्जाव आहे. तिची स्वतःची चूल खाडीच्या अंगाला आहे, धूर पलीकडच्या खोपींतून दिसला असता. माझी मागच्या बाजूला, माडांच्या आड.

मग कोनाड्यात दगड ठेवून झाकलेले पातेले दिसले. ते काल रागाच्या भरात माझ्या नजरेतून सुटले होते. झाकण काढले तर पातेले पेजेने भरलेले. वर जाड साय धरली होती आणि वास आंबूस होता. बाजूला वाटीत भाजून, कुस्करून ठेवलेला बांगडा. एक घासही कोणी घेतलेला नव्हता.

पेज किती आंबली यावरून ती कधीची ते मला सांगता येते, माझा धंदाच तो आहे. ती काल पहाटेची होती. म्हणजे आनंदीने रसिकाला भिजलेली पाहिले त्याच पहाटेची. साहेबांनी लक्षात घ्यावे की, ज्या बाईला सासरा नको आहे ती त्याला बुडवायच्या पहाटे त्याची पेज घोटत बसत नाही, काटे काढत नाही, आणि मांजराने तोंड घालू नये म्हणून झाकणावर दगड ठेवत नाही. ती आली, चूल पेटवली, पेज केली, चूल सारवून पेज झाकून ठेवली, तात्यांना उठवायला पडवीत गेली आणि तिथे तात्या नव्हते. यापुढे तिने काय केले असेल ते मी पाहिलेले नाही. पण खाडीकडे धावली असणार.

तेव्हा तात्या पहाटेच्या आधीच गेले होते. हे समजून मला बरे वाटायला हवे होते, तसे वाटले नाही. रसिका निर्दोष ठरत होती आणि म्हातारा पाण्याकडे चालत जाताना दिसत होता. मी थोरल्याच्या पडवीत गेले. आनंदीने मला अडवले नाही, ती दाराला धरून उभी होती. काल पोलिसांनी पडवी पाहिली होती, पण खाटेखालची वाटी कोणी ओढली नसावी. तिला मुंग्या लागल्या होत्या. बुडाला काळपट, चिकट असे काहीतरी होते. मी मुंग्या झटकल्या आणि बोट जिभेला लावले. आनंदी म्हणाली, “काय करतंस गो ह्या?” मी तिला गप्प राहायला सांगितले.

तो दोदोल होता. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ आटवून करतात. आमच्या वाडीत कोणी करत नाही. खाडीपलीकडे, आमच्या वेशीबाहेर, सेबॅस्टियन फर्नांडिस यांचे घर आहे. त्यांची बायको इझाबेल तो नाताळासाठी करते, आणि मुलगा जेरी याला मुंबईला पाठवायचा म्हणून महिनाभर आधीच करते. सगळे त्यात काजू घालतात, ती घालत नाही, कारण सेबॅस्टियनलाही दात नाहीत. वाटीत काजूचा कण नव्हता. सेबॅस्टियन आणि तात्या तरुणपणी एकाच रापणीवर जाळे ओढायचे. ती वाटी मी पिशवीत घालून आणली आहे. पंचनाम्याआधी ती हलवायला नको होती असे साहेब म्हणाले, ते मला मान्य आहे.

मी तेव्हाच पोलिसांना फोन केला नाही. माझा तर्क चुकला असता तर रसिकाला आणखी जड गेले असते, अशी भीती वाटत होती. साकवावरून जाताना मी खाली पाण्याकडे पाहणार नाही असे ठरवले होते, तरी पाहिले. भरती लागत होती. काही दिसले नाही.

इझाबेल अंगणात तांदूळ वाळवत होती. मला पाहून तिने आधी मागच्या पडवीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी विचारले, “तात्या हयसर आसत?” ती म्हणाली, “सेबॅस्टियन वेंगुर्ल्याक गेलो हा, तो येवंदे.” मी म्हटले, “इझाबेल, रसिकाक पोलिसांनी न्हेल्यानी.” तिने हातातले सूप खाली ठेवले आणि मला आत नेले.

तात्या मागच्या पडवीत खाटेवर होते. अंगात ताप होता, पण शुद्धीवर होते. मला पाहून त्यांनी विचारले, “मंगेश इलो?” मी नाही म्हटले. “सर्वेश?” मी पुन्हा नाही म्हटले. मग ते म्हणाले, “शेजारीण इली. बरा झाला.”

त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या शब्दांत लिहावे अशी माझी विनंती आहे. ते म्हणाले, “दोगांचेय टेम्पो गेले. मी म्हटलंय, एकाच्यात नाय तर दुसऱ्याच्यात माका घेतले. मगे काळोख पडलो.” मी विचारले, हाक का मारली नाही, आम्ही साकवापर्यंतच गेलो होतो. ते म्हणाले, “हाक मारूची, पण खंयच्या झिलाच्या नावान?”

ती रात्र आणि दुसरा दिवस ते एकटे होते, घरात होते ते पोहे पाण्यात भिजवून खाल्ले. रसिकाने सर्वेशला विचारले होते की मामंजी अजून कसे आले नाहीत, तर तो म्हणाला की थोरला आणून सोडील, आपण विचारायला जायचे नाही. ती मुलांना हाक मारण्याच्या निमित्ताने थोरल्याच्या खोपीपर्यंत जाऊन आली आणि तात्या तिथेही नाहीत हे पाहून तिन्हीसांजेला खाडीत उतरली, कारण साकवापाशी आम्ही सगळ्या होतो. त्यांना ताप भरला होता, गुडघा सुजला होता. एकटीने त्यांना पाण्यातून नेणे शक्य नव्हते. माणसे बोलावते म्हणाली तर तात्यांनीच अडवले. पळण मोडली म्हणून पुढे गावात एखादे जनावर जरी मेले तरी नाव हिचे घेतील, हे त्यांना दिसत होते. म्हणून ती पहाटे आणि तिन्हीसांजेला येऊन पेज करून जात राहिली.

तिसऱ्या रात्री जेवणवेळेला सेबॅस्टियन जाळी टाकायला होडी घेऊन आले होते. रिकाम्या गावात दिवा दिसला म्हणून चोर समजून वर गेले. त्यांच्या डब्यात दोदोल होता तो त्यांनी तात्यांना भरवला आणि त्यांना होडीत घालून आपल्या घरी नेले. रसिका येत होती हे तात्यांनी त्यांनाही सांगितले नाही. मी विचारले, तिच्यासाठी काही खूण तरी ठेवायची होती. तात्या म्हणाले, “आपले न्हेले आसतीत असा समाजली आसती. परत पाण्यात उतरूचा नाय पडला आसता तिका.” पण तिसऱ्या पहाटे ती पेज करायला निघाली तेव्हा तिला हे कळायला मार्ग नव्हता.

सेबॅस्टियन यांनी कालच का कळवले नाही, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, तात्यांनी त्यांच्याकडून एक दिवस मागून घेतला होता. आपल्याला शोधत कोणता मुलगा आधी येतो ते त्यांना पाहायचे होते. सेबॅस्टियन यांच्यावर काही ठपका ठेवू नये. रसिका इथे बसून आहे हे ऐकताच तात्या उठून बसले आणि इझाबेलला म्हणाले, “माजी काठी खंय आसा ती दी.” मी तिथूनच पोलिसांना फोन केला. डॉक्टरांनी तपासून औषध दिले आहे.

आता तात्यांना कोणाच्या ताब्यात द्यायचे, यावरून बाहेर ओसरीवर काय झाले ते मी ऐकले आहे आणि तेही लिहावे. मंगेश म्हणाला, अमावास्या होऊन गेली, पाळी सर्वेशची आहे. सर्वेश म्हणाला, बाप हरवला तो थोरल्याच्या पाळीत, आधी त्याने ताब्यात घ्यावे आणि मग माझ्याकडे सोडावे. तात्या मधल्या खुर्चीवर बसून होते. त्यांना कमी ऐकू येते, पण इतकेही कमी येत नाही.

त्यावर हवालदार बाईंनी आत जाऊन रसिकाला विचारले, सासऱ्यांना तू घेतेस का. मी दारात होते. सकाळपासून ती एकदाही रडली नव्हती. तात्या जिवंत आहेत हे कळल्यावर रडली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, “घेतंय. पण घरात इचारूक होया.” तिला दोष देत नाही. तिला त्याच घरात परत जायचे आहे, आणि पळण मोडल्याचा प्रश्न देवळात निघेल तेव्हा तिच्या बाजूने कोण उभे राहील, हे आज तिने पाहिले आहे. तो प्रश्न निघाला तर मी तिथे उभी राहीन आणि देवाच्या रिकाम्या गावात एका म्हाताऱ्याला पेज मिळाली, ती माझ्या चुलीवर शिजली, एवढे बोलेन. माझी चूल वापरल्याबद्दल रसिकाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

तोपर्यंत तात्यांना माझ्या ताब्यात द्यावे. पावतीवर सही मी करते. नाते विचारले आहे तिथे शेजारीण असे लिहावे.

हा जबाब मी सांगितला तसा मराठीत उतरवला गेला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना शेवटी ‘सदर वृद्ध इसम बेवारस स्थितीत मिळून आला’ असे एक वाक्य आले, ते मी सांगितलेले नव्हते, लिहिणाऱ्यांनी नेहमीच्या सवयीने घातले होते. त्या वेळी मंगेश आणि सर्वेश दोघेही दारात उभे होते आणि दोघांनीही ते ऐकले. कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मी घेतली. ते वाक्य खोडले आहे आणि खोडल्याच्या शेजारी माझी सही आहे. बाकी सगळे बरोबर आहे.

सही
विनीता हरिश्चंद्र तोंडवळकर